‘जिमीज हॉल’ : गावातल्या एका सभागृहाची धर्मसत्तेला भीती का वाटली?

केन लोच या ब्रिटिश दिग्दर्शकाचा ‘जिमीज हॉल’ हा चित्रपट २०१४ साली आला. काही पात्रे आणि प्रसंग पटकथेसाठी रचलेले असले तरी मूळ घटना खरी आहे. चळवळीत काम करणाऱ्या प्रत्येक तरुणाने ती समजून घ्यावी असे आम्हाला वाटते.

जिमी ग्राल्टन हा आयर्लंडच्या लीट्रिम परगण्यातील एका शेतकऱ्याचा मुलगा. तरुणपणी तो अमेरिकेत गेला, तिथे मजुरी केली, तिथले नागरिकत्वही घेतले. १९२१ साली तो गावी परतला. त्याच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी श्रमदान करून एक सभागृह उभारले. १९१६च्या उठावात गोळ्या घालून मारलेल्या पीअर्स आणि कॉनोली या दोन नेत्यांचे नाव त्याला दिले. पुढच्याच वर्षी जिमीला देश सोडावा लागला. दहा वर्षांनी, १९३२ मध्ये, तो परत आला आणि बंद पडलेले सभागृह पुन्हा उघडले. चित्रपट इथून सुरू होतो.

या सभागृहात चित्रकला, गायन, मुष्टियुद्ध शिकवले जाई, कवितांवर चर्चा होई आणि संध्याकाळी नाच रंगे. वरवर पाहता यात आक्षेपार्ह काहीच नाही. तरीही चर्च संतापले. का?

याचे उत्तर इतिहासात आहे. इंग्रजांच्या राजवटीत आयर्लंडमधील कॅथलिक बहुसंख्य असूनही दडपलेले होते. अठराव्या शतकातील कायद्यांनी त्यांच्या जमीनधारणेवर, शिक्षणावर, राजकीय हक्कांवर बंधने घातली होती. त्या काळात चर्च गरिबांच्या बाजूने उभे राहिले, म्हणून लोकांची त्यावर श्रद्धा बसली. १९२२ साली स्वतंत्र राज्य आले, पण बहुतेक प्राथमिक शाळांचे व्यवस्थापन स्थानिक पाद्र्याच्याच हाती राहिले. शिक्षक कोण नेमायचा हे तोच ठरवी. मुलांना काय शिकवायचे, तरुणांनी कुठे जमायचे, मुलामुलींनी एकत्र नाचायचे की नाही, हे ठरवणे तो आपला अधिकार समजे. जिमीच्या सभागृहाने याच मक्तेदारीला धक्का दिला. तिथे पाद्र्याच्या परवानगीशिवाय लोक एकमेकांना शिकवत होते.

चित्रपटातील फादर शेरिडन सभागृहात जाणाऱ्यांची नावे टिपून घेतो आणि प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर वाचून दाखवतो. त्यानंतर एका मुलीला तिचा बाप चाबकाने मारतो. पाद्र्याला स्वतः हात उचलावा लागत नाही. नावे जाहीर झाली की पुढचे काम घर आणि गाव करते. आपल्याकडे या पद्धतीला बहिष्कार म्हणतात आणि आपल्या समाजाला तो कुणी समजावून सांगण्याची गरज नाही.

इथे एक योगायोग सांगायला हवा. इंग्रजीतील ‘बॉयकॉट’ हा शब्द आयर्लंडचाच. १८८० साली मेयो परगण्यात चार्ल्स बॉयकॉट नावाच्या जमीनदाराच्या कारभाऱ्याविरुद्ध कुळांनी असहकार पुकारला. मजुरांनी कामावर जाणे सोडले, दुकानदारांनी माल देणे बंद केले. तेव्हा हे बलवानाविरुद्ध दुबळ्यांचे हत्यार होते. जिमीच्या काळात तीच वेगळे पाडण्याची रीत धर्मसत्तेने दुबळ्यांविरुद्ध वापरली. म्हणून बहिष्कार कोण कोणावर टाकतो, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला, तो जात पंचायतींच्या अशाच सत्तेमुळे.

बेदखल झालेल्या कुळांच्या बाजूने जिमी उभा राहिला, तेव्हा चर्चच्या जोडीला जमीनदारही आले. धर्माची आणि जमिनीची सत्ता एकत्र आली की काय होते ते पुढे दिसते. डिसेंबर १९३२ मध्ये सभागृह जाळले गेले. १९३३च्या फेब्रुवारीत सरकारने जिमीला हद्दपार करण्याचा हुकूम काढला. तो काही महिने लपून राहिला, ऑगस्टमध्ये पकडला गेला आणि कोणताही खटला न चालवता त्याला अमेरिकेला पाठवण्यात आले. ज्या मातीत जन्मला तिथूनच त्याला ‘परका’ ठरवून काढले. १९४५ साली न्यूयॉर्कमध्ये त्याचा मृत्यू झाला. २०१६ साली आयर्लंडचे राष्ट्रपती मायकल हिगिन्स यांनी त्याच्या गावी स्मारकाचे अनावरण केले आणि हद्दपारी चुकीची होती हे मान्य केले.

जिमी गेल्यावर दोन वर्षांनी, १९३५ मध्ये, सार्वजनिक नाचासाठी न्यायालयाचा परवाना सक्तीचा करणारा कायदा आला. १९३७च्या आयरिश संविधानाने कॅथलिक चर्चला ‘विशेष स्थान’ दिले. ते कलम १९७२च्या सार्वमताने काढले गेले. याच संविधानात राज्याच्या सामाजिक धोरणाची मार्गदर्शक तत्त्वेही होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी मार्गदर्शक तत्त्वांच्या संदर्भात आयर्लंडचा उल्लेख केला होता. आपल्या संविधानाने आयर्लंडकडून ही तत्त्वे घेतली, पण कोणत्याही धर्माला विशेष स्थान दिले नाही. या निवडीचे मोल जिमीची कहाणी वाचल्यावर अधिक कळते.

या चित्रपटाकडे ‘त्यांच्या धर्माचा दोष’ म्हणून पाहणे सोपे आहे. पण आमच्या मते त्याचा धडा वेगळा आहे. आयर्लंडचे चर्च एकेकाळी दडपलेल्यांचा आधार होते. सत्ता मिळाल्यावर आणि प्रश्न विचारणे बंद झाल्यावर तेच दडपणारे झाले. पीडितांनी उभारलेली संस्था कायम पीडितांचीच राहील, याची हमी कोणी देत नाही. ती हमी रोज मिळवावी लागते. कालामांना बुद्धांनी दिलेला उपदेश आपण नेहमी सांगतो. केवळ परंपरा आहे किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, हे आपल्या संस्थांनाही लागू आहे.

म्हणून आमची सूचना आहे की, हा चित्रपट आपल्या विहारात तरुणांसोबत एकत्र पाहावा आणि नंतर चर्चा करावी. विहाराची किल्ली कोणाकडे असते? जयंती आणि वर्षावास सोडून इतर दिवशी तिथे काय चालते? समितीत स्त्रिया आणि तरुण किती आहेत? संध्याकाळी मुली तिथे अभ्यासाला थांबल्या तर कोण हरकत घेतो? ही उत्तरे मोकळेपणाने देता आली, तर आपले विहार जिमीच्या सभागृहासारखे सगळ्यांना शिकण्याचे ठिकाण होईल.

जय भीम!