कोरा पडदा म्हणजे बिघाड नव्हे

छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात काय किंवा इतरत्र काय, आलेख काढणारा कॅल्क्युलेटर ‘बिघडला’ की दोष बहुधा सेटिंगचा असतो. उणे १० ते १० या चौकटीत x²+२० चा आलेख दिसणारच नाही, कारण त्याची सुरुवातच २० वर होते. Y ची कमाल मर्यादा वाढवा. कोन अंशांत ठेवून sin x काढला, तर लाट अक्षाला चिकटलेली सरळ रेषा भासते; रेडियन निवडा. आधी सेल, मग सेटिंग तपासावं. रीसेट अगदी शेवटी, त्यात साठवलेलं पुसलं जाऊ शकतं. मोबाइलवर फुकट आलेख मिळत असताना हा खटाटोप कशाला, हा आक्षेप रास्तच. पण चौकट तिथेही निवडावी लागते. शिवाय ‘गेट’ परीक्षेत पडद्यावरचा सायंटिफिक कॅल्क्युलेटरच वापरावा लागतो आणि अंश की रेडियन, हा प्रश्न तिथेही सुटत नाही.