सिमेंटला रविवार नसतो

शुक्रवारी स्लॅब टाकला. साध्या पोर्टलंड सिमेंटला आयएस 456 प्रमाणे किमान सात दिवस क्युरिंग. म्हणजे पुढच्या शुक्रवारी मोकळं. पण मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये नुसते ‘7 दिवस’ टाकले, की ते शनिवार-रविवार वगळून त्यानंतरचा मंगळवार दाखवतं आणि त्यावर अवलंबून असलेली सगळी कामं पुढे ढकलतं! अशा वेळी कालावधी ‘ईडेज’मध्ये द्यावा. मग सुट्ट्याही मोजल्या जातात.

माणसांना मात्र सुट्टी लागतेच.

एक्सेलच्या ‘वर्कडे डॉट इंटल’ फंक्शनमध्ये साप्ताहिक सुट्टीसाठी आकडा द्यावा लागतो: 1 म्हणजे शनिवार-रविवार, 7 म्हणजे शुक्रवार-शनिवार आणि 11 (आपल्या बहुतेक साइट्सना हाच लागतो) म्हणजे फक्त रविवार. दुबईची जुनी शीट हाती आली तर तिथला 7 आधी तपासावा: संयुक्त अरब अमिरातीच्या सरकारी कार्यालयांनी जानेवारी 2022 पासून शनिवार-रविवारची सुट्टी स्वीकारली आहे.