उतारवयात हाताची पकड आणि बुद्धीची तरतरी

जन्मभर भाताच्या पेंढ्या बांधलेल्या हातांना सत्तरी उलटल्यावर सदऱ्याचे बटण लावायला वेळ लागतो. बरणीचे झाकण सुनेकडून उघडून घ्यावे लागते. घरच्यांना यात विशेष काही वाटत नाही, पण त्या माणसाच्या मनाला ते लागते.

"एवढे कष्ट केले, आता व्यायाम कसला?" असे आपले वडीलधारे विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु कष्टाने कमावलेली ताकद कणगीतल्या धान्यासारखी साठवून ठेवता येत नाही. शेत मुलाच्या हाती सोपवून ओसरीवर बसले की स्नायू हळूहळू झडू लागतात. हाताची पकड ही तर साऱ्या शरीराच्या ताकदीची खूण समजतात. २०१५ साली १७ देशांतील एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. तीत भारतही होता. सुमारे १ लाख ४० हजार माणसांची पकड मोजली, तेव्हा पकड ५ किलोने कमी असलेल्यांत मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी अधिक दिसला. नुसती पकड वाढविली की आयुष्य वाढते, असा याचा अर्थ नव्हे. पण पकड सैल होऊ लागली तर दुर्लक्ष करू नये.

घरी एकट्याने केलेला व्यायाम दोन दिवस टिकतो, तिसऱ्या दिवशी राहून जातो. म्हणून चार जणांनी मिळून करणे बरे. जपानात कोची नावाचे शहर आहे (केरळातले कोची निराळे). त्या शहराने २००२ साली वृद्धांसाठी एक व्यायामक्रम सुरू केला. खुर्चीवर बसायचे, मनगटाला वजनाचा पट्टा बांधायचा आणि सावकाश हात उचलायचे. तोच पट्टा घोट्याला बांधून पाय उचलायचे. वजन शून्यापासून सुरू होते आणि झेपेल तसे थोडे थोडे वाढवीत सव्वादोन किलोच्या आतच थांबते. वस्तीतली माणसेच जमून हा वर्ग चालवितात. पुढे जपानभर अनेक गावांनी तो उचलला.

बुद्धीचे काय? जपानातच ओबू येथील वृद्धारोग्य संस्थेने एक गमतीचा प्रकार काढला. जागच्या जागी पावले टाकीत आकडे मोजायचे आणि तीनच्या पाढ्यातला आकडा आला की टाळी वाजवायची. चुका होतात, हशा पिकतो. चुकले तरी चालते. शरीर व डोके दोन्ही एकदम कामाला लागतात.

मात्र व्यायामाने विसराळूपणा हमखास थांबतो, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. अमेरिकेत ७० ते ८९ वर्षांच्या १,६३५ जणांवर प्रयोग झाला. व्यायाम करणाऱ्यांचे चालणे अधिक काळ टिकले, पण दोन वर्षांनंतर स्मरणशक्तीत फरक दिसला नाही. उलट फिनलंडमध्ये १,२६० जणांच्या प्रयोगात व्यायामाला योग्य आहार, बुद्धीचा सराव व रक्तदाबावर नजर यांची जोड दिली, तेव्हा बुद्धीची कामगिरी अधिक सुधारली. नुसत्या चालण्यावर भिस्त ठेवू नये, एवढे यातून आम्हांला पटते.

बोटांचेही तसेच. चालण्याने बोटे मोकळी होत नाहीत, त्यांना वेगळा व्यायाम हवा. इंग्लंडात आमवाताने सांधे धरलेल्या ४९० जणांवर हे पाहिले गेले. नेहमीच्या औषधांबरोबर हाताचे व्यायाम केलेल्यांचे हात वर्षभरानंतर अधिक चांगले चालत होते आणि वेदना वाढल्या नव्हत्या. मूठ घट्ट मिटून पुरी उघडावी, अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला लावावा, चिंध्यांचा चेंडू दाबावा, ओला पंचा पिळावा. वालाच्या शेंगा सोलण्याचे काम आजीकडून काढून घेऊ नका.

रविवारी मिस्सा आटोपल्यावर माणसे जमतातच आणि बाकेही तिथेच असतात. अर्धा तास काढणे कठीण नाही. बाक भिंतीला टेकलेले असावे, म्हणजे सरकणार नाही. जोर लावताना श्वास कोंडू नये. रक्तदाब, हृदयविकार किंवा चक्कर असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. सांधा लाल, गरम व सुजलेला असेल तर त्या दिवशी त्याला विश्रांती द्यावी.

आणि एक. एकाच बाजूचा हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळू लागले, तर ते वयामुळे झाले असे समजून सकाळपर्यंत थांबू नका. तो पक्षाघात असू शकतो. तेल चोळत न बसता, मिळेल त्या वाहनाने रोग्याला ताबडतोब मोठ्या इस्पितळात न्या.