आधी जमिनीखाली वाढणारा अंजन

मे महिन्यात यावल-रावेरच्या केळीबागा पाण्याच्या पाळीवर तग धरून असतात, तेव्हा उत्तरेला सातपुड्याच्या मुरमाड उतारावर अंजनाची नवी पालवी तरारलेली असते. पानगळीनंतर हे झाड फार दिवस उघडं राहत नाही. खानदेशच्या उन्हात अशी सावली देणारं दुसरं जंगली झाड मला चटकन सांगता येणार नाही.

विल्यम रॉक्सबर्ग यांनी १८११ मध्ये या झाडाची शास्त्रीय नोंद केली आणि तोफखान्यातले अधिकारी व निसर्गअभ्यासक थॉमस हार्डविक यांच्यावरून प्रजातीला ‘हार्डविकिया’ नाव दिलं. पुढे सह्याद्रीतलं एक झाड याच प्रजातीत धरलं गेलं, पण नंतर ते वेगळं काढलं. त्यामुळे आज या प्रजातीत अंजन एकटाच उरला आहे, आणि तो मूळचा भारताचाच. देठाच्या टोकाला मूत्रपिंडाच्या आकाराच्या दोनच पर्णिका असतात. लांबून पाहणाऱ्याला लहानसा आपटाच वाटतो. पावसाळ्यात येणारी फिकट पिवळसर फुलं इतकी बारीक, की बिनपाकळ्यांच्या त्या बहराकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. शेंग चपटी, कागदासारखी. बी एकच, तेही टोकाला. उन्हाळी वाऱ्यावर ती भिरभिरत दूर जाते.

खरं नवल पहिल्या पावसानंतरचं आहे. वर वीतभरही रोप दिसत नाही, तोवर त्याचं सोटमूळ मुरमातून, खडकाच्या फटींतून कितीतरी खोल उतरलेलं असतं. उन्हाळ्यात शेंडा वाळतो, पावसाळ्यात त्याच मुळावर पुन्हा फुटतो. अशी काही वर्षं गेली की मगच झाड उंचीला लागतं. म्हणून दोन वर्षांनी उंची मोजून लागवडीचा हिशेब मांडणाऱ्यांना अंजन ‘मंद’ वाटतो. हा त्याच्यावर अन्याय आहे. रोपवाटिकेच्या पिशवीत तर हेच मूळ वेटोळं घेऊन बसतं.

लाकूड इतकं जड, की पाण्यात बुडतं. बैलगाडीचे भाग, शेतीची अवजारं, घराचे खांब यासाठी ते वापरलं गेलं; सालीच्या वाखाचे दोर वळले गेले. पाला जनावरं आवडीने खातात. फांद्या छाटल्या तरी झाड पुन्हा फुटतं, म्हणून ते टिकल्यासारखं दिसतं. पण दरसाल छाटणी झाली की शेंगाच धरत नाहीत, आणि एखादं बी रुजलंच तर कोवळं रोप शेळीच्या तोंडी जातं नाहीतर वणव्यात जळतं. जुनी झाडं उभी आणि खाली पिल्लू एकही नाही, असं जंगल म्हातारं होत चाललेलं असतं.

गावोगावच्या रस्त्यांवर आपण मादागास्करचा गुलमोहर हौसेने लावला. धुळे-जळगावच्या उघड्या टेकड्यांवर अंजन परत आणायचा, तर बी थेट जागेवरच पेरायला हवं. ते दरवर्षी मुबलक येत नाही. काही वर्षांआड एखादंच साल भरघोस शेंगांचं असतं. ते साल हेरून बी गोळा करावं, पहिल्या पावसाच्या तोंडावर पेरावं आणि शेंडा शेळीच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत त्या उतारावर चराई बंद ठेवावी.