जीवाश्म दातातला कार्बन काय सांगतो?

जीवाश्म दातातला कार्बन तपासला, असे वाचले की त्याचे वय काढले असावे, असे अनेकांना वाटते. वय काढण्यासाठी वापरतात तो कार्बन-14. तो सतत क्षय पावतो आणि सुमारे 50,000 वर्षांनंतर मोजण्याइतका उरत नाही. लाखो वर्षांपूर्वीच्या दातात मोजतात ते कार्बन-12 आणि कार्बन-13 हे स्थिर समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे, वेगळ्या वजनाचे अणू). त्यांच्या प्रमाणावरून वय नव्हे, तर आहार कळतो.

हवेतला कार्बन घेताना वनस्पती जणू चाळण लावतात. झाडे, झुडपे, भात, गहू यांची चाळण बारीक असते. जड कार्बन-13 कमी आत येतो. ज्वारी, ऊस आणि उष्ण प्रदेशातली बहुतेक गवते यांची चाळण भरड असते. हा फरक प्राण्याच्या एनॅमलमध्ये (दाताच्या कठीण आवरणात) उतरतो आणि हाडापेक्षा तिथे चांगला टिकतो.

पॅरान्थ्रोपस बॉइसी या नामशेष मानवसदृश प्राण्याची कवटी मेरी लीकी यांना 1959 मध्ये टांझानियात सापडली. प्रचंड दाढांमुळे तो कठीण कवचाची फळे फोडून खात असावा, असे मानले गेले. 2011 मध्ये थ्युर सर्लिंग आणि सहकाऱ्यांनी केनियात सापडलेले त्याचे दात तपासले. त्याच्या आहाराचा सरासरी 77 टक्के भाग भरड चाळणीच्या, म्हणजे गवत-लव्हाळ्यांच्या गटातला निघाला.

या पद्धतीने वनस्पतींचा गट कळतो, नेमकी जात नाही. म्हणून ‘कार्बन तपासणी’ असे वाचल्यावर आधी पाहावे, तपासलेला कार्बन कोणता.