छंद आणि विद्या : बडोद्यातील एका तरुणाची गोष्ट

घरात विशी-पंचविशीचा तरुण असला की काही तक्रारी ठरलेल्या असतात. मुलगा चित्रपट फार पाहतो, प्रवासाला जाण्याचे बेत करतो, एका कामावर मन स्थिर ठेवत नाही, आज एक छंद तर उद्या दुसरा. ही तक्रार आजची नाही. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी बडोद्यात राहणाऱ्या एका मराठी तरुणाबद्दलही ती सहज करता आली असती. त्या तरुणाचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. पुढे सारा देश त्यांना दादासाहेब फाळके या नावाने ओळखू लागला.

धुंडिराजांचा जन्म 30 एप्रिल 1870 रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे जाणकार होते. मुलाने शास्त्राध्ययन करावे, अशीच त्या घराची रीत. परंतु मुलाचा ओढा चित्रांकडे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून तो थोरल्या भावाबरोबर बडोद्यास आला.

त्या वेळचे बडोदे हे जिज्ञासू तरुणाला जणू खुले ग्रंथालयच होते. 1875 साली गादीवर आलेल्या तिसऱ्या सयाजीराव महाराजांनी विद्या आणि कला यांना उदार आश्रय दिला होता. लक्ष्मीविलास राजवाडा 1890 साली पुरा झाला. त्यासाठी राजा रविवर्मा यांनी पौराणिक प्रसंगांची मोठमोठी तैलचित्रे रंगविली. देवादिकांना माणसांसारखे हाडामांसाचे रूप देणाऱ्या या चित्रांची त्या काळी सर्वत्र चर्चा होती.

त्याच 1890 साली बडोद्यात कलाभवन ही संस्था स्थापन झाली. रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे तिचे प्रमुख. चित्रकलेबरोबरच रंगकाम, विणकाम, यंत्रकाम असे धंदेशिक्षण देशी भाषेतून द्यावे, हा या संस्थेचा मोठा विशेष होता. ज्याला इंग्रजी येत नाही त्याला विद्येचे दार बंद राहू नये, हा विचार त्यामागे होता. आज ही संस्था बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रशाखेत समाविष्ट आहे.

या कलाभवनात फाळक्यांनी चित्रकला शिकून घेतली आणि तेथेच ते छायाचित्रणाच्या नादी लागले. नाट्यगृहाची प्रतिकृती करून त्यांनी 1892 साली अहमदाबादच्या प्रदर्शनात पदक मिळविले. हा चित्रकार आहे, छायाचित्रकार आहे की नाटकवाला, असा प्रश्न कोणालाही पडला असता. गज्जर यांनी मात्र या चंचलतेला नावे ठेवली नाहीत. त्यांनी फाळक्यांना ठसे करण्याचे आणि छपाईचे तंत्र शिकण्यासाठी रतलामला धाडले आणि परतल्यावर कलाभवनाचा छायाचित्रणाचा स्टुडिओ वापरू दिला. धडपडणाऱ्या मुलाला उपदेशापेक्षा कामाची जागा अधिक उपयोगी पडते, हे त्या चतुर गुरूने ओळखले होते.

यापुढची वाट मात्र सुखाची नव्हती. फाळक्यांनी गोध्रा येथे छायाचित्रणाचा धंदा थाटला. प्लेगच्या साथीत त्यांची पत्नी आणि मूल दगावले. दुःखी मनाने ते बडोद्यास परतले, तर तेथे निराळीच अडचण उभी राहिली. कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो आणि आयुष्य कमी करतो, अशी समजूत लोकांत पसरली होती. छायाचित्र काढून घ्यायला कोणी पुढे येईना. याच सुमारास फाळके जादूचे प्रयोग शिकले आणि करूही लागले. नंतर सरकारच्या पुरातत्त्व खात्यात नोकरी, ती सोडून लोणावळ्यास छपाईचा धंदा, आणि तोही भागीदारांशी न पटल्याने सुटलेला. चाळिशीच्या उंबरठ्यावर आलेल्या या माणसाकडे पाहून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काय म्हटले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

1910-11 च्या सुमारास मुंबईत गिरगावातील एका तंबूत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्तचरित्र सरकत असता आपल्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. तंबूतील इतर प्रेक्षकांनी भक्तिभावाने किंवा कौतुकाने चित्रपट पाहिला व ते घरी गेले. फाळके मात्र एकच प्रश्न घेऊन उठले : हे करतात कसे?

त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आयुष्याच्या विम्यावर कर्ज काढून 1912 च्या फेब्रुवारीत ते विलायतेस गेले आणि एप्रिलमध्ये परत आले. लोकांना खात्री पटावी म्हणून त्यांनी प्रथम एक लहानसा प्रयोग केला. कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा स्थिर ठेवला आणि रोप वाढेल तसतशी थोड्या थोड्या अंतराने एकेक चित्रे घेतली. चलच्चित्र म्हणजे तरी काय? किंचित फरकाची स्थिर चित्रे एकामागून एक इतक्या वेगाने दाखवायची की डोळ्याला ती हलती वाटावीत. त्यामुळे कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसली, आणि बीजातून वेल वर येताना पाहून एक स्नेही भांडवल देण्यास तयार झाला.

‘राजा हरिश्चंद्र’ची फीत सुमारे 3,700 फूट लांब होती. एका फुटात 16 चित्रे धरली, तर ती जवळजवळ 59,000 होतात. कोऱ्या फितीच्या कडांना भोके पाडण्याचे काम घरीच, अंधारात करावे लागे. ते पत्नी सरस्वतीबाईंनी शिकून घेतले. शिवाय साऱ्या मंडळींच्या जेवणाखाण्याचा भारही त्यांनीच वाहिला. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात हा चित्रपट लोकांपुढे आला.

आता मागे वळून पाहावे. पडद्यामागची दृश्ये रंगविण्यास चित्रकला कामी आली. फीत धुण्यास कलाभवनातील अंधाऱ्या खोलीची सवय उपयोगी पडली. देव प्रकट होण्याचे चमत्कार दाखविण्यास जादूगाराची दृष्टी लागली, आणि पात्रे कोठे उभी करावीत हे नाटकाच्या नादाने शिकविले. बडोद्यात जे विखुरलेले छंद वाटत होते, त्यांचीच ही एकत्र गुंफण होती.

यावरून प्रत्येक चित्रपटवेडा मुलगा फाळके होईल, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. छंदातून संपत्ती मिळते, असेही नाही. खुद्द फाळक्यांचे अखेरचे दिवस ओढगस्तीत गेले आणि 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिक येथे त्यांनी देह ठेवला. परंतु नुसते पाहणे आणि पाहून विचारणे यांत फरक आहे. आज प्रत्येक तरुणाच्या खिशात कॅमेरा आहे. तो चित्रपट पाहून आला, प्रवासाहून परतला, की खर्चाचा हिशेब घरातल्या वडीलधाऱ्यांनी अवश्य मागावा. पण त्याबरोबर ‘काय पाहिलेस, आणि ते कसे केले असेल?’ हेही विचारावे. उत्तर देताना त्याचे डोळे चमकले, तर त्याला गज्जरांप्रमाणे एखाद्या खोलीची किल्ली द्यावी.