व्होल्टाची वीज नेमकी कोणासाठी?

घाना ६ मार्च १९५७ रोजी स्वतंत्र झाला. पुढच्या दशकाच्या आरंभी राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांनी व्होल्टा नदीवर अकोसोम्बो धरणाचं काम सुरू केलं. हिशेब सरळ होता: देशातलं बॉक्साइट, धरणाची वीज आणि त्यातून स्वदेशी अ‍ॅल्युमिनियम. जागतिक बँक, अमेरिका आणि ब्रिटन यांनी कर्ज दिलं. टेमा बंदराजवळचा कारखाना कैसर आणि रेनॉल्ड्स या अमेरिकी कंपन्यांनी उभारला. विजेचा मोठा वाटा त्यांना कमालीच्या स्वस्त दरात मिळाला, तोही दीर्घ मुदतीच्या कराराने. गंमत म्हणजे कारखान्याचा कच्चा माल, बॉक्साइटपासून बनणारं अ‍ॅल्युमिना, परदेशातून येत राहिला. घानाचं बॉक्साइट मात्र कच्चंच बोटीत चढत होतं!

धरणामागचा जलाशय सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचा. पृष्ठफळाने जगातल्या सर्वांत मोठ्या मानवनिर्मित जलाशयांत त्याची गणना होते. त्यात सातशेहून अधिक गावं बुडाली, जवळपास ८० हजार माणसं विस्थापित झाली. त्यांच्यासाठी ५२ नव्या वसाहती आखल्या गेल्या. सरकारने घराची एखादी खोली बांधून द्यायची, बाकीचं घर कुटुंबाने पूर्ण करायचं. शेतजमीन मात्र अनेकांना पुरेशी मिळाली नाही. साचलेल्या पाण्यात गोगलगायी वाढल्या आणि त्यांच्यामार्फत पसरणारा शिस्टोसोमियासिस हा कृमिरोग काठावरच्या गावांत फोफावला.

जानेवारी १९६६ मध्ये धरणाचं उद्घाटन झालं. साधारण महिन्याभराने, एन्क्रुमा परदेश दौऱ्यावर असताना, लष्कराने त्यांची सत्ता उलथवली. ते घानात परतले नाहीत. १९७२ मध्ये बुखारेस्टमध्ये त्यांचं निधन झालं.